भंतेंचे १३८ महिने

"बाई, भंतेंना पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळवून द्यायचाय. तुम्ही अर्ज लिहून द्या."

आमच्या नाशिकच्या विहारातली तीन तरुण मुलं माझ्या घरी आली, त्यांचं हे पहिलं वाक्य. तिघंही माझ्या हाताखाली मराठी शिकलेली. एकाच्या हातात सह्यांचा गठ्ठा होता. सातपूर, नाशिकरोड, देवळाली, सिन्नर, थेट येवल्यापर्यंत फिरून साडेतीन हजार सह्या आणल्या होत्या. ऊन-पाऊस न बघता आठवडाभर पळापळ केली होती पोरांनी. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवलं नाही. पुढं दोन वर्षं मी त्या फाईलशी बांधली गेले.

आमचे भंते मूळचे श्रीलंकेचे. वयाच्या बाराव्या वर्षी चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घेतलेलं. २००८ च्या जुलैमध्ये पाली शिकायला पुण्याला आले, एम.ए. झाले, पुढचं संशोधन अर्धवट राहिलं. मधल्या काळात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूने एकाच जागी राहायचं त्या मुक्कामासाठी, नाशिकला यायला लागले आणि इथलेच झाले. रविवारी मुलांचा धम्मवर्ग, पौर्णिमेला उपोसथाचं व्रत, आजारी माणसाच्या उशाशी रक्षणासाठी परित्राणपाठ. दारू सुटावी म्हणून त्यांच्यापुढं बसलेले किती बाप मी डोळ्यांनी पाहिलेत. भंतेंचं नाव आणि विहाराचं नाव इथं देत नाही. प्रकरण पूर्ण सांगते, कारण अशी वेळ अनेक विहारांवर, मठांवर, आश्रमांवर येते आणि सगळे जण आम्ही सुरुवातीला केली तीच चूक करतात.

चूक अशी, की जी गोष्ट मागायला आम्ही निघालो होतो ती आपल्याकडे नव्हतीच.

अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात धर्मगुरूला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. आपल्या नातेवाइकांकडून ऐकून ऐकून 'पीआर' हा शब्द घराघरांत झाला आहे. भारतात त्या नावाची योजना आहे, २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली, पण ती परदेशी गुंतवणूकदारांसाठी. १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवायचे, शिवाय दरवर्षी निदान २० भारतीयांना रोजगार द्यायचा. भिक्षापात्र आणि तीन चीवरं एवढीच मालमत्ता असलेल्या माणसाला तिथं वाव नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न झालेल्या माणसासाठी. तेही नाही.

मग एक जण म्हणाला, "बाई, भंते बौद्ध आहेत. नव्या नागरिकत्व कायद्यात बौद्धांना सवलत आहे ना?" आहे. पण ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना. त्यांच्यासाठी ११ वर्षांची अट ५ वर आली. श्रीलंका त्या यादीत नाही. ही गैरसमजूत इतकी पसरलेली आहे, की पुढच्या वर्षभरात निदान दहा जणांना मी तेच उत्तर दिलं असेल.

उरले दोन रस्ते. एक, दर वेळी व्हिसाची मुदत वाढवत राहायचं. दुसरा, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ खाली रीतसर नागरिकत्व मागायचं. पहिल्या रस्त्यावर भंते इतकी वर्षं चाललेच होते आणि त्याचा ताण आम्हालाही माहीत होता. मुदत संपत आली की विहारातल्या बायका दबक्या आवाजात विचारायच्या, "या वर्षी राहतील ना?" आम्ही दुसरा रस्ता धरला.

जुन्या उपासकांना नागपूरचं उदाहरण पाठ होतं. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई मूळचे जपानचे. साठच्या दशकात नागपुरात आले आणि दीक्षाभूमीशी एकरूप झाले. व्हिसाची मुदत संपूनही राहिले म्हणून त्यांच्यावर खटला होता, तो १९८७ मध्ये निकालात निघाला आणि त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. त्या वेळी लोक कसे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हे आमचे एक ऐंशी वर्षांचे आजोबा डोळे मिटून सांगायचे. म्हणूनच पोरांनी आधी सह्या गोळा केल्या. लोकांच्या प्रेमाची ताकद मीही मानते. पण या अर्जाच्या नमुन्यात साडेतीन हजार सह्यांसाठी रकाना नाही. रकाना आहे तो दोन माणसांच्या प्रतिज्ञापत्रांसाठी.

सह्यांचा गठ्ठा आम्ही फेकला नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांतूनच पुढं लागणारी माणसं मिळाली. त्यातली एक म्हणजे आमची वकीलताई, तीही माझी विद्यार्थिनी. पहिल्याच बैठकीत तिने सगळ्यांना गप्प बसवलं आणि कायद्याची तिसरी अनुसूची वाचून दाखवली. अर्जाच्या आधीचे सलग १२ महिने अर्जदार भारतात राहिलेला हवा. त्या १२ महिन्यांच्या मागच्या १४ वर्षांत सगळं मिळून ११ वर्षं वास्तव्य हवं. चारित्र्य चांगलं हवं. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी यायला हवी. पुढंही भारतात राहण्याचा इरादा हवा. आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडण्याची तयारी हवी.

शेवटची अट वाचली तेव्हा भंते खिडकीबाहेर बघत होते. आमच्यापैकी कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. सगळे वर्षं मोजायला लागले होते.

मोजणी

२०२३ च्या नोव्हेंबरात अर्ज करायचा असं ठरवलं, म्हणजे मोजायची १४ वर्षं नोव्हेंबर २००८ ते नोव्हेंबर २०२२. एकूण १६८ महिने. त्यातले १३२ भरायला हवेत. तोंडी हिशेब सोपा वाटला. भंते तर २००८ पासून इथंच आहेत, असंच सगळे म्हणत होते.

भंते इथंच आहेत हे आम्हाला वाटत होतं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचं म्हणणं वेगळं होतं.

मी शंभर पानी वही घेतली, रकाने आखले: गेले तारीख, आले तारीख, दिवस, पुरावा. भंतेंचा चालू पासपोर्ट होता. त्याआधीचा त्यांच्या बहिणीकडे, गावी कपाटात. तिने तो कुरिअरने पाठवेपर्यंत पाच आठवडे गेले. आला तेव्हा एका पानावर ओल लागून शाई पसरली होती. दुपारच्या उन्हात अंगणात खुर्ची टाकून मी आणि वकीलताई ते पान तिरपं धरून भिंगातून बघत होतो. आकडा ३ आहे की ८? आठ असेल तर पाच दिवस जास्त जातात. शेवटी भंतेंनी विमानाच्या जुन्या तिकिटाचा ईमेल शोधून काढला. तीन निघाला.

विद्यार्थी व्हिसा संपल्यावर भंते मायदेशी गेले होते आणि धर्मकार्यासाठीचा व्हिसा घेऊन परतले. सरकारी भाषेत त्याला मिशनरी व्हिसा म्हणतात. त्या अदलाबदलीत सात महिने बाहेर गेले. २०२० च्या फेब्रुवारीत आईला भेटायला गेले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. परत यायला २०२१ चा एप्रिल उजाडला, म्हणजे चौदा महिने. त्या काळात विहारातला धम्मवर्ग फोनवर चालायचा, म्हणून कुणाच्या लक्षातच नव्हतं की माणूस देशात नव्हता. बाकी दरवर्षीच्या ये-जा मिळून नऊ महिने.

१६८ मधून तीस वजा. १३८ उरले. लागतात १३२. सहा महिन्यांचा काय तो श्वास.

वही बंद करून मी चहा ठेवला. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. त्या चौदा महिन्यांत आणखी सात मिसळले असते तर दारच बंद होतं.

तेवीस दिवस

आणि तेव्हाच तो दुसरा खड्डा समोर आला. २०१६ मध्ये व्हिसाची मुदत एका तारखेला संपली होती आणि वाढीव मुदत त्यानंतर तेवीस दिवसांनी सुरू होत होती. मधले तेवीस दिवस कशाच्याच खाली नव्हते.

दोष आमच्या ट्रस्टचा. मुदतवाढीचा अर्ज ज्यांनी करायचा त्यांनी तो घरच्या लग्नाच्या गडबडीत मागे ठेवला. भंतेंनी दोनदा आठवण केली होती. तिसऱ्यांदा त्यांनी केली नाही, कारण भिक्खूने मागणं लावून धरायचं नसतं, असं ते मानतात. ही गोष्ट मला फार लागली. आपण ज्याला गुरू म्हणतो तो तोंड उघडून मागणार नाही, हे माहीत असताना त्याचे कागद आपण त्याच्याच आठवणीवर सोडले.

कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' याची व्याख्या दोन प्रकारची आहे. कागदांशिवाय आलेला, आणि वैध कागदांवर येऊन मुदतीपलीकडे राहिलेला. कलम ६ खाली बेकायदा स्थलांतरिताला अर्ज करता येत नाही. वकीलताई म्हणाली, "बाई, त्या वेळी दंड भरून मुदतवाढ मिळाली असेल तर लेखी आदेश असणार. तो हवाच. तो नसेल तर मी हा अर्ज दाखल करणार नाही."

तीन दिवस विहाराचं कपाट उपसलं. जमाखर्चाच्या वह्या, बुद्धजयंतीच्या मिरवणुकीच्या परवानग्या, मंडपवाल्याच्या पावत्या. शेवटी वीजबिलांच्या फाईलमध्ये, एप्रिल आणि मे महिन्याच्या बिलांच्या मध्ये तो कागद सापडला: उशिराचं कारण, भरलेला दंड, आणि मुदत वाढवून दिल्याचा आदेश. शिक्का स्पष्ट. ज्या मुलाला तो सापडला तो तिथंच फरशीवर बसून रडला.

परदेशी माणूस मुक्कामी आला की ठेवून घेणाऱ्याने २४ तासांच्या आत तेव्हा 'सी फॉर्म' भरायचा असायचा. हॉटेलने भरायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. विहाराने, मठाने, घराने भरायचा हे फार थोड्यांना. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आल्यास १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून ही नोंदणी ऑनलाइन झाली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा आता काम करणाऱ्यांनी नवे नियम वाचूनच पाऊल टाकावं. पण कागद तारखेनुसार एका जागी ठेवायचे, त्याला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पोटापाण्याचा प्रश्न

अर्जात व्यवसाय आणि उपजीविकेचं साधन विचारतात. भंतेंना पगार नाही. बारा वाजायच्या आत एकदा जेवतात, तेही कुणी वाढलं तर. आमच्यातले एक उत्साही गृहस्थ म्हणाले, "ट्रस्टचे पगारी शिक्षक दाखवू." मी कडाडून विरोध केला. व्हिसा एका कामाचा आणि कागदावर पगार दुसऱ्या कामाचा, यातून चौकशीत काय निघेल? शिवाय जो माणूस पैशाला हात लावत नाही त्याच्या नावावर खोटा पगार लिहायचा?

आम्ही विश्वस्तांचा ठराव केला. भंतेंचा निवास, भोजन, औषधपाणी आणि प्रवास यांचा खर्च विहार कायम उचलेल, एवढाच साधा मजकूर. सोबत पाच वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब जोडले.

हा ठराव लिहिताना मला पांडवलेणी आठवत होती. शाळेच्या सहली मी दर वर्षी तिथं न्यायचे. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख मुलांना वाचून दाखवायचे. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने लेणं चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलं आणि गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले: २००० महिना शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजच वापरायचं. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून, नोंदवून घेतलेलं. म्हणजे बाहेरून आलेल्या भिक्खूच्या मुक्कामाची तजवीज नाशिकने कागदोपत्री, सॉरी, दगडोपत्री, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. भंतेंना त्या लेखातली प्राकृत ओळ तोंडपाठ आहे. ठरावाच्या खाली विश्वस्त सह्या करत होते तेव्हा त्यांनी ती हळू आवाजात म्हटली.

पैशाबाबत आणखी एक धोंड निघाली. अधूनमधून श्रीलंकेचे यात्रेकरू त्रिरश्मी लेणी (म्हणजे हीच पांडवलेणी) आणि विहार बघायला येत आणि जाताना दानपेटीत नोटा टाकत. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. आमची नव्हती. रक्कम किरकोळ, हेतू निर्मळ, पण चौकशीत विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून पेटीशेजारी पाटी लावली आणि यात्रेकरूंना हात जोडून सांगू लागलो की फुलं वाहा, पैसे नकोत.

दोन साक्षी

चारित्र्याच्या प्रतिज्ञापत्रांसाठी नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत नावं पुढं आली. माझं मत पहिल्यापासून उलट होतं. पोलीस चौकशीला येतात तेव्हा साक्षीदाराला विचारतात: यांना कधीपासून ओळखता, रोज काय करतात, कोण भेटायला येतं? मोठ्या माणसाला यातलं काय माहीत असणार? आम्ही दोघं निवडले. एक डेअरीवाले दादा, जे बारा वर्षं रोज सकाळी विहारात दूध देतात. दुसऱ्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या आजोबांनी १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या होत्या.

डेअरीवाल्या दादांना चौकशीत काय सांगितलं ते विचारलं. म्हणाले, "सांगितलं, की भंते दूध अर्धा लिटरच घेतात. जास्त दिलं तर परत करतात." मला वाटतं, त्या फाईलमधला सर्वांत बळकट कागद त्यांचा होता.

जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत दोन जाहिराती द्याव्या लागतात: अमुक व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावे. त्या छापून आल्या त्या दिवशी लोकांनी कात्रणं आणून दिली. कुणाचीच हरकत आली नाही.

ळ

भाषेचं प्रमाणपत्र माझ्याकडे आलं. दोन हवी होती. एक मी दिलं, एक महाविद्यालयातल्या सरांनी.

भंतेंचं मराठी बोलणं गोड. सिंहली आणि मराठी लांबच्या बहिणी आहेत, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. दाताला ते 'दत' म्हणतात, कानाला 'कन', गावाला 'गम'. पण लिंगाला ते अडखळायचे. 'ती पुस्तक', 'तो खुर्ची'. आणि ळ. सिंहली लिपीत ळ आहे, पण आजच्या बोलण्यात त्याचा उच्चार ल सारखाच होतो. त्यामुळे भंते 'सकाळ' बिनचूक लिहायचे आणि वाचताना 'सकाल' म्हणायचे. लिहिण्यात चूक नाही आणि बोलण्यात आहे, असा विद्यार्थी मला अडतीस वर्षांच्या नोकरीत भेटला नव्हता.

रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही बसायचो. मी म्हणायची, जीभ मागे वळवा, टाळूला लावा आणि सोडा. बाळ, केळं, काळाराम, कळवण. ते आज्ञाधारकपणे म्हणायचे. धम्मवर्गातली मुलं दारातून बघत राहायची; त्यांच्या गुरूला कुणीतरी शिकवतंय याची त्यांना गंमत वाटे. एक दिवस भंते म्हणाले, "बाई, मी आईला फोनवर ळ म्हणून दाखवला. ती म्हणाली, माझे आजोबा असंच बोलायचे बहुतेक." खरं होतं की आईचं प्रेम, कोण जाणे. मी प्रमाणपत्रात लिहिलं: मराठी वाचतात, लिहितात, सहज बोलतात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सात दिवस

२०२३ चा वर्षावास चालू होता. ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला, आई शेवटच्या घटका मोजते आहे.

अर्जाच्या आधीचे सलग १२ महिने चालू होते, त्यातले नऊ झाले होते. त्या रात्री विहारात जी बैठक झाली ती मला आठवायला नको वाटते. "भंते, आता देश सोडलात तर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून." "व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्या." हे बोलणाऱ्यांत मी होते. एका मुलाला त्याच्या मरणाऱ्या आईकडे जाऊ नको म्हणणाऱ्यांत मी होते, तेही त्याच्या भल्यासाठी.

भंतेंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्षावासात भिक्खूने जागा सोडायची नाही. पण आई-वडील आजारी असतील तर बोलावणं नसलं तरी जाता येतं. सात दिवसांत परत यायचं. हा विनयाचा, भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम. तुमच्या कायद्याचा काय नियम आहे?"

वकीलताईने शांतपणे सांगितलं, की १२ महिन्यांच्या सलग वास्तव्यात केंद्र सरकार विशेष परिस्थितीत, कारण लेखी नोंदवून, जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं. २०१५ च्या दुरुस्तीने ती सोय झाली आहे. ती मिळेलच असं नाही, देणं सरकारच्या हातात. भंते म्हणाले, "मला सातच लागतील."

पहिल्या दिवशी मुंबईहून कोलंबो. तिसऱ्या दिवशी आई गेली. पाचव्या दिवशी अंत्यविधी. सातव्या दिवशी रात्री भंते विहाराच्या पायरीवर उभे होते. त्यांच्याकडे मृत्यूनंतर सातव्या दिवशी मृताच्या नावाने भिक्खुसंघाला दान द्यायची रीत असते, त्याला ते थांबू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बायकांनी ते दान इथं केलं. इगतपुरीकडून दोन भिक्खू आले. वरण-भात, वांग्याची भाजी, पुरणपोळी, आणि कुणीतरी शोधून आणलेला नारळाच्या दुधातला भात. पुण्यानुमोदनाला, म्हणजे दानाचं पुण्य आईला अर्पण करताना, पाणी ओतताना भंतेंचा हात स्थिर होता. आईचं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं आणि मग आमच्यापैकी कुणी डोळे पुसले नाहीत असं झालं नाही.

मृत्यूचा दाखला, त्याचं प्रमाणित भाषांतर, तिकिटं, आणि सात दिवसांच्या अनुपस्थितीचं एक पानी निवेदन अर्जाला जोडलं. ते निवेदन मी मराठीत लिहिलं, वकीलताईने इंग्रजीत केलं. अलंकार एकही ठेवला नाही.

नोव्हेंबरात अर्ज ऑनलाइन भरला, कागदांचा संच जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. तिथून चौकश्या, मग मंत्रालय, मग दिल्लीतलं गृह मंत्रालय. या काळाविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. वाट पाहिली. व्हिसाची मुदतवाढ या वेळी दोन महिने आधी मागितली आणि त्याची पोच माझ्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

सोडणं

२०२५ च्या उन्हाळ्यात पत्र आलं. अर्ज तत्त्वतः मान्य. मूळ देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा सादर करा.

पेढे वाटले गेले. ढोल आणायचं चाललं होतं. भंते म्हणाले, "मला थोडे दिवस द्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत आम्ही त्यांच्याकडून तारखा मागितल्या, शिक्के मागितले, ळ म्हणवून घेतला. 'भंते, तुम्हाला हे सोडायचं आहे का?' हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. ते राहावेत ही गरज आमची होती. पहिल्या बैठकीतच तो विचारायला हवा होता, सह्यांच्याही आधी. श्रीलंकेत १९८७ पासून दुहेरी नागरिकत्वाची सोय आहे, पण भारताला ते चालत नाही. इथला व्हायचं तर तिथला राहता येत नाही.

मी एकटी जाऊन बसले. विचारलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "अनुराधपुरात बोधिवृक्ष आहे. सम्राट अशोकाच्या मुलीनं, संघमित्रा थेरींनी, इथून नेलेल्या फांदीचा. लहानपणी आई मला तिथं न्यायची. आता तिथं जायला मला परवानगी काढावी लागेल ना?"

"हो भंते. भारतीयाला काढावी लागते तशी."

"आई असती तर मी हे केलं नसतं," ते म्हणाले. "आता करीन."

मी नमस्कार करून उठले. बाहेर मुलांना एवढंच सांगितलं, की ढोल नको.

मुंबईच्या श्रीलंकन वाणिज्य दूतावासात जायची तारीख पुन्हा वर्षावासातच आली. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, रात्री परतलो. सूर्योदयाआधी निघालो म्हणून भंतेंनी डब्यातलं जेवण कल्याणच्या अलीकडे घेतलं. काम व्हायला आणखी एक फेरी लागली. त्यानंतर काही आठवडे असे गेले, की त्यांच्याजवळ तिकडचं नागरिकत्व नव्हतं आणि इकडचं अजून आलं नव्हतं. वकीलताई त्या दिवसांत फोन उशाशी घेऊन झोपायची. अशा वेळी पूर्वमान्यतेचं पत्र हाती असल्याशिवाय मूळ नागरिकत्व कधीही सोडू नये, हे ती आता येईल त्याला पहिल्यांदा सांगते.

निष्ठेच्या शपथेचा कागद भरायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी भंते माझ्याकडे वही घेऊन आले. चार पानं भरून त्यांनी देवनागरीत आपली सही गिरवली होती. शेवटच्या ओळीतली सही अगदी बसली होती, वेलांटीला छान झोक होता. "उद्या ही करू का?"

वकीलताई म्हणाली, "भंते, पासपोर्टवर, अर्जावर, सगळ्या कागदांवर तुमची सिंहली सही आहे. आता बदलली तर जुळणार नाही."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संविधानाशी खरी श्रद्धा आणि निष्ठा राखण्याची ती ओळ त्यांनी मराठीत स्पष्ट वाचली, 'पाळीन' मधल्या ळ सकट, आणि खाली त्या गोल गोल सिंहली अक्षरांत सही केली. वही माझ्याकडेच राहिली आहे, १३८ महिन्यांच्या वहीच्या खाली.